उजिमा म्हणजे आपली सावडच का? आणि रोजच्या कामात ती टिकवायची कशी?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर आफ्रिकेबद्दल वाचताना 'उजिमा' हा स्वाहिली शब्द आला. काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि त्याची जबाबदारीही सगळ्यांनी मिळून घ्यायची, असा अर्थ दिला होता. एकजण म्हणाला, ही तर आपली सावड. दुसऱ्याला इर्जिक वाटली. जुनी माणसं म्हणाली, वारंगुळा म्हणा. शब्दावरून सुरू झालेलं बोलणं शेवटी गावातल्या कामांवर आलं.

गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. सव्वाशे उंबरा. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तिथे रब्बीचा हरभरा. जाणकारांकडून नेमकं हवंय ते असं. एक तर या शब्दाचा खरा अर्थ. दुसरं, सहा घरं मिळून सोयाबीन सावडीनं काढणार आहेत. कुणाची चार एकर, कुणाची एकच. मग हिशोब कसा ठेवायचा, म्हणजे मनं दुखणार नाहीत? तिसरं, रब्बीत डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळते, सगळे वर्गणी काढतात, नवी बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यात सामूहिक जबाबदारी नेमकी कुठे येते? आणि चौथं, क्वान्झा सणात २८ डिसेंबर हा उजिमाचा दिवस असतो, तर त्याच दिवशी डोंगरावर पाणी अडवायला चर खोदायचं श्रमदान ठेवावं, असं पोरांचं म्हणणं आहे. जमेल का?

---

बाराखडी

शब्दापासून सुरुवात करतो.

स्वाहिलीत 'उ' हा उपसर्ग लागला की भाववाचक नाम होतं, आपल्या 'पणा'सारखं. मोजा म्हणजे एक, उमोजा म्हणजे एकी. जमा म्हणजे घरची, नात्यातली माणसं, त्यावरून उजामा, म्हणजे कुटुंबपणा. हा 'जमा' अरबीतून गेलेला, आपल्या 'जमात'चा सख्खा भाऊ. उजिमा म्हणजे गावानं एकमेकांच्या कामाला हात लावणं. टांझानियातल्या अभ्यासात हाच शब्द मानवी समाजाच्या अगदी आरंभीच्या, सगळं सामाईक असण्याच्या अवस्थेसाठीही वापरतात, म्हणून नुसता शब्द शोधलात तर वेगळाच अर्थ हाती लागू शकतो.

तुमच्या वाचनात आलेला अर्थ क्वान्झाचा. हा सण आफ्रिकेतला नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजासाठी मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात तो सुरू केला. २६ डिसेंबर ते १ जानेवारी असे सात दिवस, सात तत्त्वं: उमोजा, कुजिचागुलिया, उजिमा, उजामा, निया, कुंबा, इमानी. रोज एक मेणबत्ती वाढवत जायची आणि एकमेकांना विचारायचं, 'हबारी गानी?' म्हणजे काय खबर? (हबारी आणि आपली खबर, दोन्ही एकाच अरबी शब्दावरून.) तिसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, 'उजिमा'.

या तत्त्वाच्या व्याख्येत दोन क्रियापदं आहेत आणि माझ्या मते सगळा अर्थ तिथेच आहे. समाज मिळून *उभारायचा* आणि मिळून *सांभाळायचा*. शेजारच्या भावाबहिणीची अडचण आपली समजून मिळून सोडवायची, हा पुढचा भाग. आपल्याकडे उभारायला गाव लोटतं. सांभाळायच्या वेळी 'भागीचे घोडे किवणाने मेले' होतं. केनियातही हे झालं. १९६३ला स्वातंत्र्य मिळाल्यावर 'हरांबे', म्हणजे सगळे मिळून ओढूया, ही हाक देशभर गेली. लोकांनी वर्गणी आणि अंगमेहनत घालून शाळा बांधल्या. इमारती उभ्या राहिल्या, पण शिकलेले शिक्षक, साहित्य आणि दरवर्षीचा खर्च यांची ओढाताण अनेक ठिकाणी कायम राहिली.

सक्तीचं काय होतं, ते टांझानियात दिसलं. १९६७च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर तिथले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी उजामाची, म्हणजे एकत्र राहून एकत्र कसायची गावं वसवायला घेतली, आधी लोकांच्या खुशीनं. १९७३पासून मात्र गावात राहायला येणं बंधनकारक केलं. लाखो माणसं हलवली गेली. घरं रस्त्याकडेला आली आणि शेतं लांब पडली. लोक आधी स्वतःच्या तुकड्यावर राबायचे, सामाईक शेताला उरलासुरला वेळ मिळायचा. उद्देश चांगला होता, पण पाळी, माप आणि नाही म्हणायची मुभा या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातून काढून घेतल्या होत्या.

आता तुमचे तीन शब्द. सावड म्हणजे दिवसाला दिवस: आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. वारंगुळाही तसाच, पण त्यात बैलाची जोडी महत्त्वाची. एकेक बैल असलेली दोन घरं मिळून एक औत जुंपायची आणि आळीपाळीनं दोघांचं रान करायची. इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात एकाच दिवशी अनेकांची औतं, जेवण शेतमालकाचं, मजुरी नाही, फेड तोलूनमापून नाही. उजिमात तिन्ही येतात, पण तिन्हींच्या हिशोबाची पद्धत वेगळी. इर्जिकीची वही ठेवली की तिची मजुरी होते आणि सावडीची वही नाही ठेवली की भांडण होतं.

---

तिफण

सावडीचा हिशोब उदाहरणानंच सांगतो, म्हणजे तुमच्या आकड्यांवर बसवता येईल.

एक एकर सोयाबीन विळ्यानं कापून ढीग लावायला साधारण ६ ते ८ हजेऱ्या लागतात (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक हजेरी). आपण ७ धरू. सहा घरांचं रान समजा ४, ३, ३, २, २ आणि १ एकर. एकूण १५ एकर, म्हणजे १०५ हजेऱ्या. प्रत्येक घरानं रोज दोन माणसं दिली की रोजचे बारा. पावणेनऊ दिवसांत काम हातावेगळं होतं आणि प्रत्येक घराच्या १७.५ हजेऱ्या भरतात.

आता घेणं-देणं. चार एकरवाल्यानं घेतल्या २८, दिल्या १७.५, म्हणजे साडेदहा अंगावर. तीन एकरवाल्या दोघांवर साडेतीन साडेतीन. दोन एकरवाल्या दोघांच्या साडेतीन साडेतीन जमा. एक एकरवाल्याच्या साडेदहा जमा. अंगावरच्या साडेसतरा, जमाही साडेसतरा, वही जुळली. फरक कसा फेडायचा ते *विळा लावायच्या आधी* ठरवा. तूर कापणीला आणि फेब्रुवारीच्या हरभरा काढणीला दिवस देऊन, नाहीतर त्या आठवड्यात गावात चालू असलेल्या रोजानं पैसे देऊन. रोज कोणता धरायचा, हेही लिहा, कारण सुगीत रोज आठ दिवसांत चढतो आणि मग देणारा जुना धरतो, घेणारा नवा.

क्रम चिठ्ठ्या टाकून लावू नका. चिठ्ठी बरोबर वाटते, पण पीक चिठ्ठीची वाट बघत नाही. पेरणीची तारीख आणि वाण मांडा. जेएस ३३५ किंवा परभणीचं एमएयूएस ७१ शंभर दिवसांच्या आतबाहेर येतं, फुले संगम त्याच्या आठ-दहा दिवस मागं. आधी पिकलेलं आधी. पिकून वाळलेलं सोयाबीन दुपारच्या उन्हात कापलं की शेंगा तडकतात आणि दाणा रानातच सांडतो, म्हणून येरवाळी सुरुवात करून ऊन चढेपर्यंत मोठा वाटा उरकायचा.

सावड मोडते ती बहुतेक पावसानं. पहिल्या तिघांचं घरात आणि शेवटच्याचं शेतात भिजून कोंब फुटलेलं, असं झालं की पुढच्या वर्षी तो येत नाही, आणि त्याचं चूक नाही. त्यासाठी दोन नियम. संध्याकाळपर्यंत ढीग लावून ताडपत्रीनं झाकता येईल तेवढंच त्या दिवशी कापायचं, रान कुणाचंही असो. आणि सहाही घरांच्या ताडपत्र्या सामाईक. ज्याच्या रानात ढीग, त्याच्या रानात सगळ्या. पावसानं बुडालेला दिवस कुणाच्याच खात्यावर मांडायचा नाही. अर्धा दिवस काम झालं तर अर्धी हजेरी.

मळणीयंत्र सहा घरांनी मिळूनच ठरवा, दर पोत्यामागं आधी बोलून घ्या. बियाणं धरायचं असेल तर ते वेगळं मळा, ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवून. मशिनवाला घाईत वेग वाढवतो, दाण्याची साल फुटते आणि पुढच्या जूनमध्ये उगवण घटते. तिथे एक माणूस उभा राहिलाच पाहिजे, त्याची हजेरी पूर्ण धरा. विकायचा माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा.

वहीत चारच रकाने: तारीख, कुणाच्या रानात, कोण आलं, पूर्ण की अर्धी. रोज संध्याकाळी रानातच मोठ्यानं वाचायची. आठवडाभरानं आठवून लिहिलेली वही म्हणजे भांडणाचं बी.

---

थ्रीफेज

डीपीबद्दल सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, जळालेली डीपी बदलून देणं हे वीज कंपनीचंच काम आहे. तक्रार नोंदवून नंबर घ्या, एकाच्या फोनवर विसंबू नका, पाच-सहा ग्राहकांनी नोंदवा. वर्गणी काढून आपण मोकळे होतो खरे, पण डीपी का जळली हा प्रश्न वर्गणीखाली झाकला जातो.

जळते ती बहुतेक जादा भारानं. गणित सोपं आहे. ६३ केव्हीएची डीपी एका फेजला साधारण ८४ अँपिअर देऊ शकते, १००ची साधारण १३३. पाच एचपीची मोटर भरभार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, तीन एचपीची साडेचारच्या आसपास. समजा ६३च्या डीपीवर पाचच्या बारा मोटरी आणि तीनच्या चार. १२ गुणिले ७.५ म्हणजे ९०, अधिक १८, एकूण १०८. डीपीची ताकद ८४. सगळे एकदम चालवत असतील तर ती रोज थोडी थोडी भाजत असते. त्यावर तारेवर चोरून आकडे टाकलेले असतील तर ते या गणितात धरलेलेच नाहीत.

याहून वाईट म्हणजे ऑटो स्विच. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. लाईट येते तेव्हा माणूस घरी झोपलेला आणि सोळाच्या सोळा ऑटो एकाच सेकंदाला मोटर उचलतात. १०८ अँपिअरच्या जागी सहाशेच्या आसपास झटका. व्होल्टेज कोसळतं, मोटरी नीट फिरत नाहीत, गुरगुरत जास्तच ओढत राहतात. फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजला जाड तार बांधतं. आता फ्यूज उडत नाही, डीपी जळते.

वर्गणीच्या आधीचं काम म्हणून सामूहिक जबाबदारी इथे येते. करायचं असं:

डीपीवरच्या सगळ्या जोडण्यांची यादी करा, खऱ्या एचपीसकट. बिलावर तीन आणि विहिरीवर पाच, असं जिथे असेल तिथे ते यादीत खरं लिहिलं गेलं पाहिजे. हेच सगळ्यात अवघड काम आहे. जादा भार रीतसर मंजूर करून घ्या, म्हणजे मोठी डीपी मागायला आधार मिळतो. भार कागदावर कमी दिसला तर कंपनीच्या हिशोबात ६३ पुरेशीच ठरते.

यादी झाली की दोन गट पाडा. वरच्या उदाहरणात प्रत्येक गटात पाचच्या सहा आणि तीनच्या दोन, म्हणजे ५४ अँपिअर. डीपी निवांत चालते. आठ तास थ्री फेज मिळत असेल तर चार-चार तास, नाहीतर एक दिवसाआड पूर्ण पाळी. पाटपाण्यानं भिजवणाऱ्यांना दिवसाआड सोयीचं, ठिबकवाल्यांना चार तास पुरतात. गट पाडताना एका भावकीचे सगळे एका गटात घालू नका, मिसळा. लाईट उशिरा आली की पहिला गट म्हणतो आमचे तास भरू द्या, आणि तिथेच पाळी मोडते. म्हणून पाळी घड्याळावर ठरवू नका, लाईटच्या तासांवर ठरवा: लाईट आल्यापासून चार तास पहिल्यांचे. आठच्या जागी सहाच तास मिळाले तर तीन-तीन. आठवड्याला पहिला-दुसरा गट बदलायचा.

ऑटो काढून टाकणं उत्तम. ते जमत नसेल तर प्रत्येकाच्या ऑटोला वेगळा टायमर: पहिली मोटर लाईट आल्यावर एका मिनिटानं, दुसरी दीड, तिसरी दोन, अशी अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं. कोणाचा किती, ते यादीत.

कपॅसिटर (मोटर ओढते तो करंट कमी करणारा डबा) सगळ्यांनी बसवा. तीन एचपीला १ केव्हीएआर, पाचला २, साडेसातला ३. एकट्यानं बसवून डीपीला फरक पडत नाही. सोळा जणांनी बसवला की एकूण करंट साधारण दहा-पंधरा टक्के उतरतो, म्हणून हे काम सामाईक खरेदीचं आहे. फुगलेला किंवा तेल सुटलेला लगेच बदला. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका साठलेला असतो, हात लावू नका.

वर्गणी लागलीच, समजा केबल किंवा पेटीसाठी, तर घरटी सारखी नको. एचपीप्रमाणे काढा. तीनवाला आणि साडेसातवाला सारखेच पैसे देतात तिथे छोटा शेतकरी दुसऱ्या वर्षी हात आखडतो.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. डीपीवर चढणं, फ्यूज टाकणं, एबी स्विच (खांबावरून लाईन तोडायचा दांडा) ओढणं हे फक्त लाईनमननं करायचं. 'मी टाकतो, मला जमतं' म्हणणारा गावोगावी असतो आणि माणसं त्यातच जातात. गावानं मिळून घ्यायची जबाबदारी म्हणजे त्या माणसाला अडवणं. जमिनीवरून लांबूनच एवढं बघायचं: टाकीखाली तेलाचे ओघळ आहेत का, काचेच्या भांड्यातले सिलिकाचे दाणे निळ्याचे गुलाबी झालेत का, वेल चढलाय का. दिसलं की तक्रार. महिन्याला एक घर, पाळीनं.

---

सुपडं

तिफण दादा, तुमचा हिशोब पक्का आहे, पण एक गोष्ट वहीत आधीच लिहावी लागते: बाईची हजेरी ती हजेरी. बाजारात बाईचा रोज कमी धरतात आणि सावडीत तीच सवय शिरते. 'आमच्याकडून गडी आला, तुमच्याकडून बाई, म्हणून अर्धी.' सोयाबीन कापायच्या ओळीत बाया पुरुषांच्या बरोबरीनं, कित्येकदा पुढं असतात. दिवसाला दिवस म्हटलं की दिवसालाच दिवस. ज्या घरी सावड आहे तिथली बाई पहाटे बारा माणसांचा स्वयंपाक करते, तिचीही एक हजेरी धरा. नाहीतर डबा ज्यानं त्यानं आपला आणायचा, हेही चांगलं. साठीपुढच्या माणसाला पाणी देणं, वही धरणं, ढिगाची राखण ही कामं पूर्ण हजेरीनं द्यावीत. शाळेतलं लेकरू माणूस म्हणून पाठवायचं नाही.

दुसरं, भूमिहीन घरं. सावड जमिनीवर बेतलेली. ज्याला रान नाही तो फक्त देत राहतो, त्याच्याकडे कुणी येत नाही. मग ती सावड राहत नाही, ती वेठ होते. मराठवाड्यात वेठीची आठवण अजून ताजी आहे. गावकामाच्या नावाखाली ठराविक समाजाच्या माणसांनी राबायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. 'गाव करील ते राव काय करील' म्हणताना गावात कोण कोण धरलंय, ते बघावं. तुमची वही हीच कसोटी: वर्षभरात कोणत्या घराच्या नावापुढे फक्त 'दिलं' आहे आणि 'घेतलं' एकदाही नाही? त्या घराला रोज द्या, किंवा त्याच्या कामाला सगळे जा: घराचे पत्रे बदलणं, घरकुलाचा पाया खोदणं, विटा वाहणं.

आणि वाचनकट्टा भाऊ, २८ डिसेंबरचं म्हणाल तर बालाघाटात त्या दिवशी निम्मं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर असतं. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात ते मार्च-एप्रिलला परत. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, घराची दोन्ही कामाची माणसं बाहेर. डिसेंबरात श्रमदान ठेवलं तर जे उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) फेडायला गेलेत तेच वहीत गैरहजर दिसणार. त्यांची पाळी एप्रिल-मेमध्ये ठेवा. डिसेंबरात गावात राहिलेल्यांनी करायचं काम वेगळंच आहे: मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचं राशन आणून देणं, दवाखान्याचा दिवस चुकू न देणं, हंगामी वसतिगृहातल्या लेकरांकडे लक्ष ठेवणं. चार-पाच घरांनी मिळून एक म्हातारं घर घ्यायचं, वार ठरवून. दुसऱ्याची अडचण आपली समजायची, ते हेच.

---

वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. टोळ्यांची गोष्ट समोर असून तारखेशी जोडून पाहिली नव्हती. तारीख बदलतो. २८ डिसेंबरला म्हाताऱ्या घरांची यादी आणि वार ठरवणं, डीपीची यादीही तेव्हाच. चर एप्रिलमध्ये.

चरांचं माप आणि माणशी किती काम धरायचं, ते कुणी सांगेल का? आणि जे येणार नाहीत त्यांना दंड लावावा का?

---

तिफण

दंड नको. दंड लावला की माणूस पैसे टाकून सुटतो आणि पैसेवाल्याला ते परवडतं. बदली माणूस द्यायची मुभा ठेवा, किंवा पुढच्या रविवारी तेवढंच माप. मापाची फेड मापानं.

(सुपडं ताई, बाईच्या हजेरीचं मी लिहायलाच हवं होतं.)

---

पाझर

आधी जागा कुणाची ते बघा. डोंगर वनखात्याचा असेल तर परवानगीशिवाय कुदळ लावू नका. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या.

चर दोन फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे ६० बाय ३० सेंटीमीटर. एका मीटरात ०.१८ घनमीटर, १८० लिटर पाणी. आता दोन ओळींतलं अंतर. ७ मीटर ठेवलंत तर चराच्या प्रत्येक मीटरवर ७ चौरस मीटरचं पाणी येतं. ५० मिलिमीटरच्या पावसात ते ३५० लिटर. निम्मं मुरलं, निम्मं वाहिलं तर १७५, चरात मावतं. अंतर १० मीटर केलंत तर २५० लिटर येणार, जागा १८०ला, म्हणजे चर फुटणार. काम लवकर उरकावं म्हणून अंतर वाढवतात, तिथेच चूक होते.

माथ्याकडून सुरुवात करा, खालून नाही. खाली आधी खोदलेले चर वरचा सगळा लोंढा अंगावर घेतात.

समपातळी ही चराची जान. आठ-दहा मीटरची पारदर्शक नळी, सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या, नळीत पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढायचे. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आलं की ती जागा एका पातळीत. फक्कीनं रेघ मारत जा. नळीत बुडबुडा राहिला तर रेघ हळूहळू उतरत जाते, डोळ्याला कळत नाही, आणि पहिल्या पावसात सगळं पाणी एका टोकाला जाऊन भराव फोडतं. म्हणून रेघ मारणारे चार जण दोन दिवस आधीच कामाला लावा, माणसं जमल्यावर नाही. वर आणखी काळजी म्हणून दर १० ते १५ मीटरवर हातभर जागा न खोदता सोडा. पातळी थोडी चुकली तरी पाणी त्या-त्या कप्प्यात अडतं.

निघालेली माती उताराच्या अंगाला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. काठालाच टाकली तर पावसानं ती परत चरात येते.

माणशी तीन मीटर धरा, सकाळी सहा ते नऊ. मुरमाड रानात नव्या माणसाला एवढंच झेपतं. जोडीला सहा मीटर द्या, एक कुदळीवर, एक फावड्या-घमेल्यावर, आलटूनपालटून. फक्कीनं सहा-सहा मीटरच्या खुणा आदल्या संध्याकाळी करून ठेवा, म्हणजे सकाळी वाटपात तास जात नाही. साठ माणसं आली तर सकाळी १८० मीटर. एका हेक्टरला ७ मीटरच्या अंतरानं साधारण १४३० मीटर चर लागतो, म्हणजे आठ सकाळी. सव्वाशे उंबऱ्यांच्या गावानं पहिल्या वर्षी दोन हेक्टर नीट करावं, दहा हेक्टर अर्धवट नको. नऊला थांबायचंच, मेच्या उन्हात नऊनंतर माणूस भोवळतं. पाणी, लिंबू-मीठ-साखर वर आधी पोचलेलं हवं.

भरावावर जूनमध्ये सीताफळाचं बी टोचा. बालाघाटाचं झाड आहे ते, आणि शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. जोडीला स्टायलो या चाऱ्याचं बी फेका. चराई बंद करणार असाल तर शेळ्यावाल्यांशी आधी बोला. ती बहुधा सुपडं ताईंनी सांगितलेली भूमिहीन घरंच असतात. आत सोडायचं नाही, पण कापून न्यायचं गवत पहिल्यांदा त्यांचं, हे ठरावातच लिहा.

राहिलं सांभाळणं. दर ५० मीटर चर एका पाच-सहा घरांच्या गटाच्या नावे करा, दगडावर चुन्यानं आकडा घाला. पहिला मोठा पाऊस उघडला की त्याच दिवशी त्या गटातले दोघे फावडं घेऊन वर जातात. भराव कुठे ओला होऊन खचलाय, पाणी कुठून सांडलंय, ते चिखल ताजा असतानाच दिसतं. आठ दिवसांनी सगळं सारखंच वाळलेलं असतं. सांडलेल्या जागी दोन घमेली माती आणि वर दगड रचून पिचिंग, तासाभराचं काम. तेवढं राहिलं तर त्याच जागेतून पुढचा पाऊस ओघळ पाडतो आणि खालच्या तीन ओळी घेऊन जातो. चरातला गाळ दरवर्षी मेमध्ये काढायचा, तो भरावावरच टाकायचा. त्याची पाळी आत्ताच वहीत लिहून ठेवा, कोयते परत आल्यानंतरची तारीख घालून.